धाकटा लाल होतो

तोंग्योंग बंदरावरच्या आरोग्य केंद्रात
एकवीस वर्षं मी रक्तदाब मोजते.
पट्टा बांधा, फुगवा, थांबा, सोडा.
कालवं सोलून येणाऱ्यांचे हात गारठलेले,
नस लपून बसते.
मग ठरलेला प्रश्न: आठवड्याला किती सोजू?
पुरुष निम्मं सांगतात.
बायका हसून शून्य म्हणतात,
आणि ते बहुधा शून्यच असतं.

आज बुसानहून ओक शी-युन आलीय शिकवायला,
माझ्या थोरलीच्या वयाची, बुटांना चिखल लागलेला.
फळ्यावर दोन गोल काढले: दारू. पक्षाघात.
मध्ये बाण काढला आणि तळव्यानं पुसून टाकला.
म्हणाली, बाण काढायला काय लागतं?
कावळा उडायला आणि नासपती गळायला
एकच गाठ पडते,
आणि शिव्या कावळ्याला.

तुमच्याच नोंदींत, ती म्हणाली,
थोडीशी पिणारे सगळ्यांत ठणठणीत दिसतात,
मुळीच न पिणाऱ्यांहूनही.
शेजारचा कारकून खूश झाला.
मला मात्र न पिणाऱ्यांच्या रकान्यातली माणसं आठवली:
यकृत गेलेला जाळीवाला बांग,
डॉक्टरनं दम भरलेला त्याचा मेव्हणा,
सोजूपुरतेही पैसे न उरलेला गोदीतला म्हातारा.
पीत नव्हते म्हणून आजारी नव्हते ते,
आजारी होते
म्हणून पीत नव्हते.

मग तोंडाला नका विचारू, शी-युन म्हणाली,
रक्ताला विचारा.
जनुकात एक अक्षर बदललेलं असतं कुणाकुणाच्या,
दारूचं विष त्यांच्या अंगातून लवकर निघत नाही.
दोन घोटांत कान तापतात, छाती धडधडते.
असा माणूस जन्मभर कमी पितो.
हे अक्षर त्यानं मागितलेलं नसतं.
पगाराच्या आधी, सिगारेटच्या आधी,
बायकोच्या बोलण्याच्याही आधी
आईच्या पोटात उचललेली चिठ्ठी ती.
प्रत्येक लेकरासाठी नव्यानं.

माझ्या डोळ्यांसमोर वडिलांच्या श्राद्धाची रात्र.
जोंग-ग्यू आणि थे-सोप, एका ताटातले, एका होडीतले.
धाकट्यानं मान वळवून घोट घेतला
आणि उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला.
थोरला हसला, म्हणाला, दे इकडे,
त्याचाही पेला रिकामा केला.
त्रेपन्नाव्या वर्षी थोरला होडीतच कोसळला.
ओठाची एक बाजू खाली ओघळली होती,
मला ताई म्हणायला गेला, जमलं नाही.

मी हात वर केला.
विचारलं, म्हणजे माझ्या भावाला दारूनंच नेलं?

ती खडू फिरवत राहिली.
म्हणाली, एका माणसाचं नाही सांगता येत.
पन्नास हजार लाल चेहरे एकीकडे,
पन्नास हजार साधे दुसरीकडे,
तेव्हा कुठे ही रीत तोंड उघडते.
तुमच्या भावाबद्दल ती मुकी आहे.

मला राग आला. खोटं बोलली असती तरी चाललं असतं.

चहानंतर तिनं एक तक्ता लावला, फक्त बायकांचा.
तेच अक्षर बायकांतही असतं, म्हणाली.
ते दुसऱ्या एखाद्या चोरवाटेनं रक्तदाब हलवत असतं
तर इथंही दिसलं असतं.
पण तुमच्याकडच्या बायका पीतच नाहीत.
बघा: दोन्ही रांगा सारख्या.
पुरुषांत मात्र फरक पडतो.
म्हणजे वाट पेल्यातूनच जाते.

माझ्या लग्नात आईनं तांदळाची दारू ओठाला लावली होती,
तेवढ्यानं कानाच्या पाळ्या लाल.
नंतर कधी शिवली नाही.
मी आले तिच्याकडे ते अक्षर न घेता, थे-सोप घेऊन,
आणि तिचं ते न पिणं, ज्याची कुणी दखल घेतली नाही,
या तक्त्यात कुठेतरी साक्षीला उभं आहे.

सोमवारी पहिली कालववाली आजी आली.
पट्टा बांधा, फुगवा, थांबा, सोडा.
सोजू किती? हसली.
एरवी मी नुसती आडवी रेघ मारायचे.
आज गोल काढला, पूर्ण,
टोकाला टोक मिळेपर्यंत.